मोटार-ट्राइकच्या एंजिनाची वारंवार होणारी अतितप्तता : वायुमार्गाच्या दृष्टीने विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रात एकदाच उद्भवणारा दोष आणि दुरुस्तीनंतरही पुनःपुन्हा उद्भवणारा दोष हे दोन भिन्न जातींचे दोष होत. पहिल्याचे मूळ बहुधा एखाद्या झिजलेल्या वा मोडलेल्या भागात असते, आणि तो भाग बदलला म्हणजे दोष नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारात एकामागून एक भाग बदलले तरी दोष कायम राहतो. अशा वेळी प्रत्येक भाग स्वतःपुरता निर्दोष असूनही त्यांच्या एकत्र मांडणीत काही उणीव राहिली आहे काय, हे पाहणे प्राप्त होते. मोटार-ट्राइकच्या एंजिनाची अतितप्तता हे या दुसऱ्या प्रकाराचे एक बोधप्रद उदाहरण आहे.

मोटार-ट्राइक म्हणजे पुढे मोटारसायकलीसारखे एक चाक व हँडल आणि मागे मोटारगाडीसारखी दोन चाके असलेले, वरून उघडे वाहन. अमेरिकेत व युरोपात, विशेषतः जर्मनीत, अशा वाहनांचा एक मोठा वर्ग फोक्सवॅगन ‘बीटल’ या मोटारीच्या मागील अर्ध्या भागावर उभारलेला आढळतो. बीटलचे एंजिन, गिअरपेटी आणि मागील आस ही सबंध उचलून नळ्यांच्या सांगाड्यावर बसविली आणि सांगाड्यास पुढे मोटारसायकलीचा काटा जोडला म्हणजे वाहनाचा मुख्य भाग सिद्ध होतो. बीटलचे उत्पादन मेक्सिकोतील पुएब्ला येथे जुलै २००३ मध्ये थांबले. तोपर्यंत जगभर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यामुळे ही एंजिने व त्यांचे सुटे भाग सर्वत्र सुलभ झाले. शिवाय हे एंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे त्याला पाणी, रेडिएटर व रबरी नळ्या यांची उपाधी नाही. स्वतःच्या हाताने वाहन बांधणाऱ्यास ते विशेष सोयीचे वाटावे यात नवल नाही.

तथापि जे एंजिन मूळ गाडीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, तेच ट्राइकवर आले की तापू लागते, असा अनुभव पुष्कळदा येतो. मालक प्रथम तेल बदलतो. नंतर तो तेल थंड करण्याचा मोठा कूलर बसवितो. तेवढ्यानेही भागले नाही, तर एंजिन उघडून झडपा व दट्टे नवे घातले जातात. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच लांबच्या प्रवासात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. अतितप्त झालेल्या निष्कास झडपेचे मुंडके तुटून दट्ट्यावर पडले, तर सबंध एंजिन निकामी होते. आणि भर वेगात एंजिन अडकले, तर मागची चाकेही अडकून चालकाच्या जिवाशी गाठ पडते. या पुनरावृत्तीची उपपत्ती लावणे आणि निदानाची एक शिस्तबद्ध रीत सांगणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२. उष्णतेचा जमाखर्च

अंतर्ज्वलन एंजिनात इंधनाबरोबर जी ऊर्जा शिरते, तिच्यापैकी साधारणतः एक चतुर्थांश ते तीन दशांश भागाचे उपयुक्त कार्य होते. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ऊर्जा निष्कास वायूंबरोबर बाहेर पडते. उरलेली उष्णता सिलिंडरांच्या भिंतींतून, झडपांच्या बैठकींतून व वंगण तेलातून एंजिनाबाहेर न्यावी लागते. या शेवटच्या रकमेची विल्हेवाट लावणे हेच शीतनव्यवस्थेचे काम होय.

हिशेब स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाशी सुसंगत उदाहरण घेता येईल. एंजिन २० किलोवॅट शक्ती देत आहे आणि त्याची कार्यक्षमता शेकडा २५ आहे असे मानले, तर इंधनातून ८० किलोवॅट ऊर्जा मिळत असली पाहिजे. तिच्यातील शेकडा ३० भाग शीतनव्यवस्थेकडे गेला, तर सेकंदास २४ किलोजूल उष्णता हवेच्या स्वाधीन करावी लागेल. पंखा सेकंदास अर्धा घनमीटर हवा ढकलतो असे धरले, तर त्या हवेचे वस्तुमान सुमारे ०·५८ किलोग्रॅम होते. हवेची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला जवळजवळ १ किलोजूल आहे. यावरून पंख्यातून निघालेली हवा एंजिनावरून जाताना सुमारे ४१ अंश सेल्सियसने तापेल, असे उत्तर येते.

या साध्या गणितातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, एंजिनाचे तापमान हे नेहमी आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानावर रचलेले असते. हवा आत येतानाच १० अंशांनी अधिक ऊन असेल, तर तेल व सिलिंडरांची मस्तके हीही जवळजवळ तितक्याच अंशांनी अधिक तापतील. दुसरी अशी की, हवेचे परिमाण निम्मे झाले तर तिची तापवाढ दुप्पट होते. तेव्हा शीतनाचे दोष अखेर तीनच वर्गांत पडतात : हवा कमी मिळणे, हवा ऊन मिळणे आणि उष्णताच अधिक निर्माण होणे. निदान करताना आपल्यापुढील दोष यांपैकी कोणत्या वर्गातील आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे.

३. मूळ गाडीतील वायुमार्ग

बीटलचे एंजिन आडव्या, समोरासमोर बसविलेल्या चार सिलिंडरांचे आहे. सिलिंडर ओतीव लोखंडाचे असून त्यांना सभोवार पातळ पाती, म्हणजे कारखान्यातील बोलीत फिन, असतात. मस्तके ॲल्युमिनियमची आणि क्रँकपेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. डायनॅमोच्या आसाच्या एका टोकास पुली व दुसऱ्या टोकास पंखा बसविलेला असून क्रँकशाफ्टवरील पुलीने पट्ट्याच्या द्वारे दोन्ही एकदम फिरतात. यामुळेच मूळ गाडीत पट्टा तुटला की डायनॅमोचा तांबडा दिवा लागे, आणि तीच चालकास शीतन बंद पडल्याची सूचना असे. तापमापक त्या गाडीत नव्हताच.

पंखा पत्र्याच्या एका उंच पेटीत फिरतो. त्याचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेस, म्हणजे प्रवाशांच्या मागील भिंतीकडे, असते. पेटीच्या आत वाकविलेल्या पट्ट्या असतात; त्या हवेचे दोन भाग करून ती डाव्या-उजव्या सिलिंडरांवर सारखी वाटतात. सिलिंडरांच्या खालच्या बाजूस, दोन-दोन सिलिंडरांच्या मध्ये, आणखी लहान पत्रे बसविलेले असतात. ते हवेला वळवून सिलिंडरांच्या खालच्या अर्ध्या भागाला बिलगून जाण्यास भाग पाडतात. हे पत्रे नसतील, तर हवा जवळचा मार्ग धरून सरळ खाली निघून जाते आणि सिलिंडरांची खालची अर्धी बाजू कोरडीच राहते.

याहूनही महत्त्वाची व्यवस्था गाडीच्या अंगात आहे. एंजिनाभोवतीचे पत्रे आणि गाडीचे अंग यांमधील फट रबराच्या पट्टीने सर्व बाजूंनी बंद केलेली असते. त्यामुळे एंजिनाचा कप्पा दोन मजली होतो. वरच्या मजल्यात मागील काचेखालच्या जाळीतून बाहेरची थंड हवा येते. खालच्या मजल्यात एंजिनावरून गेलेली ऊन हवा व निष्कास नळ्यांची धग असते. खालची हवा वर येऊ शकत नाही. ही रबराची पट्टी स्वस्त व दिसायला क्षुल्लक आहे, पण शीतनव्यवस्थेचा ती पंख्याइतकाच आवश्यक भाग आहे. सुट्या भागांच्या दुकानात मात्र ती गाडीच्या अंगाबरोबर गणली जाते, एंजिनाबरोबर नव्हे. आणि प्रस्तुत प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

४. स्थलांतरात काय गमावले जाते

एंजिन ट्राइकवर आणले जाते तेव्हा पंखा, पेटी व सिलिंडर सर्व बरोबर येतात. गाडीचे अंग मात्र मागे राहते, आणि त्याच्याबरोबर थंड व ऊन हवेला विभागणारी भिंतही मागे राहते. एंजिन उघड्यावर आले म्हणजे ते आपोआप अधिक थंड राहील, ही समजूत येथे घात करते. मोटारसायकलीचे एंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते, हे खरे. पण बीटलचे सिलिंडर पत्र्यांच्या आवरणात बंद असल्यामुळे त्यांना समोरच्या वाऱ्याचा फारसा उपयोग नाही. त्यांची सारी भिस्त पंख्याच्या तोंडाशी येणाऱ्या हवेवर आहे.

त्या तोंडाशी काय घडते ते आता पाहू जाता पुढील गोष्टी आढळतात. ट्राइकमध्ये पंख्याच्या तोंडासमोर आसनाची पाठ, पेट्रोलची टाकी किंवा सामानाची पेटी येते. ती फार जवळ असेल, तर हवेचा प्रवेशच आखडतो. चालक व आसन यांच्या मागे धावत्या वाहनात कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला एक पट्टा तयार होतो. कमी दाबाच्या जागेकडे सभोवारची हवा ओढली जाते. आणि एंजिनाखालून नुकतीच बाहेर पडलेली ऊन हवा तिच्या सर्वांत जवळ असते. अशा रीतीने एंजिन आपलीच टाकलेली हवा पुन्हा ओढू लागते.

या पुनरभिसरणाचा परिणाम गणिताने सांगता येतो. पंख्यात शिरणाऱ्या हवेचा ‘प’ इतका अंश पूर्वीचीच ऊन हवा आहे आणि एंजिनावरून जाताना हवेची तापवाढ ‘व’ आहे असे मानले, तर स्थिर अवस्थेत

प्रवेशाचे तापमान = बाहेरचे तापमान + [प ÷ (१ – प)] × व

असा संबंध मिळतो. वरील उदाहरणातील ४१ अंशांची तापवाढ धरली आणि प एक पंचमांश असेल, तर हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी ऊन होऊन आत शिरते. प एक तृतीयांश झाला तर ही वाढ २० अंशांपर्यंत जाते, आणि अर्धा झाला तर ४१ अंशांवर पोहोचते. म्हणजे परिणाम कारणाच्या प्रमाणात न वाढता उत्तरोत्तर अधिक वेगाने वाढतो. भरीस भर म्हणून ऊन हवा विरळ असल्यामुळे तितक्याच घनफळात तिचे वस्तुमान कमी भरते. जर्मनीतील २० अंशांच्या दिवशी जे एंजिन कसेबसे तग धरते, ते दक्षिण स्पेनच्या ४० अंशांत का हार खाते, हे यावरून ध्यानात येईल.

याशिवाय ट्राइकच्या बांधणीत काही लहानसहान फेरफार सर्रास केले जातात. मूळ गाडीत पंख्याची थोडी हवा दोन नळ्यांनी प्रवाशांना ऊब देण्यासाठी वळविलेली असते. ट्राइकवर ऊब देणारी ती पेटी काढली जाते, पण पंख्याच्या पेटीवरील दोन तोंडे बंद करण्याचे राहून जाते, आणि सिलिंडरांच्या वाट्याची हवा तेथून वाया जाते. शोभेसाठी चकचकीत क्रोमची पेटी बसविली जाते. अशा स्वस्त पेट्यांपैकी कित्येकांत हवा वाटणाऱ्या आतील पट्ट्याच नसतात. दिखाऊपणासाठी क्रँकशाफ्टवर लहान व्यासाची पुली चढविली की पंखा मंदावतो. मागे मोठ्या व्यासाची रुंद चाके घातली की तोच वेग राखताना एंजिनाचे फेरे कमी होतात. चाकाचा परिघ दहा टक्क्यांनी वाढला, तर पंख्याची हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते, पण रस्त्यावर लागणारी शक्ती कमी होत नाही. यांतील एकेक फेरफार स्वतंत्रपणे सोसण्यासारखा असतो. सर्व एकत्र आले म्हणजे जमाखर्च तुटीत जातो.

५. वेगाचा संबंध

गावात फिरताना एंजिन ठीक असते, महामार्गावर मात्र तापते, ही हवेने थंड होणाऱ्या ट्राइकची नेहमीची तक्रार आहे. तिची उपपत्ती अशी. उघडे आसन, सरळ बसलेला चालक व रुंद चाके यांमुळे ट्राइकला हवेचा अवरोध मोठा होतो. हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याच्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट एकाच गिअरमध्ये पंख्याची हवा केवळ वेगाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून ११० किलोमीटरवर जाताना वेग १·३७५ पट होतो; हवेच्या अवरोधासाठी लागणारी शक्ती मात्र २·६ पट होते. यामुळे हवेच्या प्रत्येक किलोग्रॅमवर पडणारा उष्णतेचा भार सुमारे १·९ पट होतो. रस्त्याचे घर्षण वेगाबरोबर इतके वाढत नसल्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा काहीसा कमी येईल, पण दिशा तीच राहील. अशा तक्रारीवर वेग थोडा कमी करणे हा तात्पुरता असला तरी सर्वांत परिणामकारक उपाय होय. चढावर वरचा गिअर धरून एंजिनास रेटण्याऐवजी खालचा गिअर घेणे हेही त्याच तत्त्वात बसते. तेवढ्याच शक्तीसाठी पंखा अधिक वेगाने फिरतो.

पाण्याने थंड होणारे एंजिन बसविलेल्या ट्राइकची तक्रार याच्या उलट असते. महामार्गावर ती ठीक राहते आणि वाहनांच्या गर्दीत, उभी असताना, तापते. येथे रेडिएटरवरील हवा मुख्यतः वाहनाच्या वेगावर अवलंबून असते. वाहन थांबले की सर्व भार विजेच्या पंख्यावर येतो. आणि तो पंखा तारा उलट जोडल्यामुळे उलट दिशेने फिरत असेल, तर तो वाऱ्याशी झुंजत बसतो. रेडिएटर आसनाखाली वा मागे बसविल्यास हवेला आत येण्याचा मार्ग असतो, पण बाहेर जाण्याचा राहत नाही, ही चूकही नेहमीची आहे. रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा एंजिनाचा माथा उंच असेल, तर त्या ठिकाणी हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेथील धातूला पाणी लागतच नाही. दाबाचे झाकण नादुरुस्त असेल, तर पाणी लवकर उकळते. वातावरणाच्या दाबाहून आणखी एका वातावरणाचा दाब राखणाऱ्या झाकणाखाली शुद्ध पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर जातो. झाकण गळके झाले की ही २० अंशांची सवलत नाहीशी होते. सारांश, तक्रार वेगाबरोबर वाढते की थांबल्यावर वाढते, या एका प्रश्नानेच शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

६. तिसरा सिलिंडर आणि झडपेचे मरण

बीटलच्या एंजिनात अतितप्ततेचा पहिला बळी बहुधा तिसरा, म्हणजे डाव्या बाजूचा पुढचा, सिलिंडर असतो. जुन्या रचनेत तेलाचा कूलर पंख्याच्या पेटीतच, डाव्या सिलिंडरांच्या वर, उभा असे. त्या सिलिंडराला मिळणारी हवा आधी तेलाची उष्णता घेऊन मगच त्याच्यापर्यंत पोहोचे. १९७१ च्या नमुन्यांपासून हा कूलर पुढे सरकवून त्याला निराळे घर देण्यात आले व पंखाही रुंद करण्यात आला. जुने एंजिन वापरणाऱ्या ट्राइकवर ही सुधारणा करून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो. मात्र नवी पेटी, रुंद पंखा आणि त्यांबरोबरचे सर्व पत्रे एकत्रच घेतले पाहिजेत.

झडप निकामी होण्याची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. निष्कास झडपेला ज्वालेकडून मिळणाऱ्या उष्णतेपैकी बराच मोठा भाग, झडप मिटलेली असताना, तिच्या बैठकीतून मस्तकात जातो. मस्तक अधिक तापले की हा प्रवाह मंदावतो. तापलेली झडप हळूहळू लांबते, तिची बैठक मस्तकात खोल जाते, आणि दांडीपाशी ठेवलेले ०·१५ मिलिमीटरचे अंतर कमी होत जाते. ते शून्यावर आले की झडप पूर्ण मिटत नाही. मग तिला उष्णता टाकण्यास जागाच राहत नाही, आणि निसटत्या ज्वाला तिची कड जाळू लागतात. अखेर मुंडके तुटते. म्हणून झडपांचे अंतर थंड एंजिनावर नियमाने मोजणे हे केवळ देखभालीचे काम नाही, तर ती तापमानाची एक लेखी नोंदही आहे. चारांपैकी एकाच सिलिंडराचे अंतर दर खेपेस घटलेले आढळले, तर त्या सिलिंडराची हवा तुटली आहे, असा निष्कर्ष काढण्यास आधार मिळतो. चारही सिलिंडरांची अंतरे सारखीच घटत असतील, तर दोष सर्वांना समान अशा ठिकाणी, म्हणजे प्रवेशाच्या हवेत, इंधनमिश्रणात किंवा ठिणगीच्या वेळेत, शोधावा.

उष्णता अधिक निर्माण होण्याची कारणे येथेच नमूद करणे इष्ट. पेट्रोलचे प्रमाण कमी झालेले क्षीण मिश्रण, कार्ब्युरेटरखालील सांध्यातून शिरणारी चोरटी हवा आणि वेळेआधी पडणारी ठिणगी, या तिन्हींनी मस्तके तापतात. निष्कास नळ्या बदलून मोकळ्या केल्या आणि कार्ब्युरेटरची जेट पूर्वीचीच ठेवली, तर मिश्रण क्षीण होण्याचा संभव असतो. वायुमार्ग निर्दोष असूनही तक्रार राहिली, तर या गोष्टींकडे वळावे, आधी नव्हे.

७. निदानाची रीत

वारंवार येणाऱ्या दोषाचे निदान करताना पहिली अट ही की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलापूर्वी व नंतर मोजमाप करावे. तेल, कूलर व ठिणगीची वेळ ही तिन्ही एकाच दिवशी बदलली आणि तक्रार कमी झाली, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही. आणि तक्रार परत आली, तर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

दुसरी अट अशी की, केवळ एंजिनाचे तापमान न नोंदता ते बाहेरच्या हवेपेक्षा किती अधिक आहे हे नोंदावे. थंड दिवशी ९५ अंशांचे तेल आणि उष्ण दिवशी ११० अंशांचे तेल ही एकाच निरोगी एंजिनाची दोन रूपे असू शकतात. तेलाचे तापमान दीर्घकाळ १२० अंशांच्या पुढे राहू लागले, तर मात्र ती धोक्याची खूण समजावी. तापमापक स्वतः खरा आहे काय, याची परीक्षा त्याचा संवेदक उकळत्या पाण्यात धरून करता येते. सांगाड्याशी विजेचा सांधा सैल असल्यामुळे खोटे आकडे दाखविणारे मापक पुष्कळ असतात. मस्तकाचे तापमान स्पार्क प्लगखाली बसणाऱ्या तापयुग्माच्या कड्याने मोजता येते. बीटलच्या एंजिनात ते तिसऱ्या सिलिंडरावर बसवावे.

तिसरी व निर्णायक परीक्षा पंख्याच्या तोंडाशी घ्यावयाची आहे. एक तापमापक पंख्याच्या तोंडाशी व दुसरा पुढे, हँडलाजवळ सावलीत, बांधावा आणि ठरलेल्या रस्त्यावर ठरलेल्या वेगाने अर्धा तास वाहन चालवावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर हवा ऊन मिळण्याचा प्रश्न निकालात निघाला. पंख्याचा आकडा १०-१५ अंशांनी अधिक आला, तर पुनरभिसरण सिद्ध झाले, आणि कितीही मोठा कूलर बसविला तरी मूळ दोष हटणार नाही हेही सिद्ध झाले. पेटीच्या कडांना व एंजिनाच्या पत्र्यांना लोकरीचे आखूड धागे चिकटवून धावत्या वाहनाचे चित्रण केले, तर ऊन हवा कोणत्या फटीतून वर येते, तेही दृष्टीस पडते.

यानंतर हवेचे परिमाण पाहावे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता सुमारे १५ मिलिमीटर लवला पाहिजे. पेटीतील झडपा पूर्ण उघडतात काय, थर्मोस्टॅटची तार अडकली आहे काय, फिनांमध्ये तेलकट धूळ बसली आहे काय, सिलिंडरांखालचे पत्रे जागेवर आहेत काय, आणि पेटीला उघडी राहिलेली तोंडे आहेत काय, हे क्रमाने तपासावे. उघड्या ट्राइकमध्ये पंखा चिंध्या, वाळलेली पाने व पिशव्या ओढून घेतो. त्या कूलरवर जाऊन बसतात व बाहेरून दिसत नाहीत.

८. उपाय

उपाय निदानातूनच निघतो. पुनरभिसरण सिद्ध झाले असेल, तर मूळ गाडीत रबराची पट्टी जे काम करी ते काम करणारी भिंत पुन्हा उभी करावी. एंजिनाच्या पत्र्यांना सर्व बाजूंनी रुंद पत्र्याची झालर जोडावी. ऊन हवा खालून मागच्या बाजूस व पंख्याच्या तोंडापासून दूर जाईल असे पन्हाळे बसवावे. आणि पंख्याच्या तोंडासमोरील आसन वा टाकी यांमध्ये मोकळी जागा ठेवावी. फोक्सवॅगननेच ही एंजिने पंप, जनित्रे इत्यादींसाठी स्थिर एंजिने म्हणूनही विकली होती, आणि तेथे गाडीचे अंग नसल्यामुळे पत्र्यांची मांडणी त्या कामाला साजेशी निराळी केलेली होती. एंजिन एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले की वायुमार्गाची रचना नव्याने करावी लागते, ही गोष्ट मूळ निर्मात्यांनाही मान्य होती, असा याचा अर्थ होतो.

बाहेरचा तेलाचा कूलर निरुपयोगी नाही, पण त्याचे स्थान ठरविताना विचार हवा. निष्कास नळीजवळ किंवा एंजिनाच्या ऊन हवेत तो बसविला, तर तेल पुरेसे थंड होत नाही. त्याच्या नळीत थर्मोस्टॅट नसेल, तर हिवाळ्यात तेल पुरेसे तापत नाही, आणि ज्वलनातील पाण्याची वाफ तेलात साचून राहते. मुख्य म्हणजे, कूलरमुळे तेलाचा आकडा खाली आला तरी मस्तकांची हवा वाढत नाही. मापक समाधानकारक दिसत असताना तिसऱ्या सिलिंडराची झडप जळत राहते. दोष झाकणाऱ्या उपायाचे हे उत्तम उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. येथील रस्त्यांवर गेली कित्येक दशके चालणाऱ्या ऑटोरिक्षांपैकी पुष्कळांची एंजिने मागील बाजूस, बंदिस्त जागेत असून पंखा व पत्र्याचे आवरण यांच्या साहाय्याने हवेनेच थंड होतात. त्यांतही दुरुस्तीनंतर आवरणाचा एखादा तुकडा न बसविणे, फिनांवर चिखल व तेल साचू देणे, किंवा मागील जाळीसमोर सामान बांधणे यांचा परिणाम तत्त्वतः वर वर्णिल्याप्रमाणेच होतो. आणि नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांत जमाखर्चाची शिल्लक आधीच अपुरी असते. रिक्षा एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची रोजी बुडते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन तापमापक व एक रिक्षा एवढ्या साहित्यावर प्रवेशाच्या हवेचे तापमान, वेग व भार यांचा संबंध मोजता येईल, आणि त्या मोजमापाचा उपयोग करून घेणारे हात रिक्षाथांब्यावरच भेटतील.

एंजिनातील प्रत्येक भागाला सुट्या भागांच्या यादीत क्रमांक असतो. हवेच्या मार्गाला क्रमांक नसतो. म्हणून भाग पुनःपुन्हा बदलले जातात आणि मार्ग तसाच राहतो. तापलेल्या एंजिनापुढे हातात पाना घेण्यापूर्वी हवा कोठून येते, कोणत्या तापमानाने येते, कशावरून वाहते आणि बाहेर पडल्यावर कोठे जाते, या चार प्रश्नांची उत्तरे मोजून घेतली, तर दुरुस्तीची तीच ती फेरी पुष्कळ वेळा पहिल्याच खेपेस संपते.